आधी रामनगर, मग स्कॉटलंड

काशीत एखादी म्हातारी घाटाच्या पायरीवर बसून घामाने भिजली आणि तिचे डोळे मिटायला लागले, तर लोक तिला साखर देत नाहीत, गंगाजल देतात. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या स्वतःच्या तोंडात पडलं आहे.

झालं असं, की मला एका घरी सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं होतं. काशीतल्या आम्हा मराठी मंडळींत सवाष्ण आली की तिला लगेच पाटावर बसवतात, निदान माझा तसा समज होता. म्हणून मी जेवणाआधीचं इन्सुलिन घरीच टोचून घेतलं आणि घाटाघाटाने निघाले. मधुमेहाची माणसं हे वाचून कपाळाला हात लावतील. लावा. इन्सुलिन घेतलं की पोटात अन्न जायला हवं, नाहीतर रक्तातली साखर झरझर उतरते, हे मला चांगलं माहीत होतं. पण वाटेत शाळेतली एक जुनी विद्यार्थिनी भेटली, मग एक ओळखीचा नावाडी भेटला. मी पडले भूगोलाची मास्तरीण. यंदा पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलं होतं यावर मी त्याच्याशी कडाडून भांडले. मणिकर्णिकेपाशी पोचले तेव्हा पाय लटपटायला लागले होते, म्हणून बसले. जीभ जड झाली आणि समोरच्या चितांचा धूर कधी जवळ, कधी लांब दिसायला लागला.

आता जागा कुठली, तर मणिकर्णिका. बसलेली कोण, तर पांढऱ्या केसांची, जरीच्या नऊवारीतली बाई. भोवती माणसं जमली आणि त्यांनी आपापसांत निकाल लावून टाकला. "माताजी का समय आ गया," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "भागवान हैं, सीधे मणिकर्णिका पर जा रही हैं।" कुणीतरी माझ्या उजव्या कानात रामनाम सुरू केलं. कुणी तुळशीचं पान आणलं, कुणी तांब्यातलं गंगाजल माझ्या ओठांत सोडलं. मला सगळं ऐकू येत होतं. मला मोक्ष नको होता, पेढा हवा होता. आणि पेढे समोरच्या बाईच्या हातातल्या प्रसादाच्या पुड्यात होते. मी बोट दाखवलं. "कुछ खाना चाहती हैं, आखिरी इच्छा है," असं म्हणून त्या बाईने रडत रडत मला पेढा भरवला. मग दुसरा, मग तिसरा. थोड्या वेळाने मी उठले, पदर सारखा केला आणि म्हटलं, "धन्यवाद, चलती हूँ।" एका माणसाने माझ्या पाया पडून घेतलं. बाकीच्यांची जरा निराशा झाली असावी.

मी घरी पोचायच्या आत ही बातमी गल्लीतून यांच्या कानांवर गेली होती. हे रेल्वेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर सिग्नल बघितल्यामुळे लाल दिसला की गाडी थांबवायची एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी माझी गाडी थांबवली. एकटीने घाटावर जायचं नाही, बाजारात जायचं नाही, जिन्यावरून गच्चीतसुद्धा जायचं नाही. मी चिडले, अबोला धरला, पोळ्या जाड लाटल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

अशात एडिंबऱ्याहून आमच्या एकुलत्या एक लेकीचा फोन आला, की तिला दिवस गेले आहेत. मी आनंदाने फोनवरच रडले. पण पुढच्या काही आठवड्यांत दुसरी बातमी आली. तिच्याही रक्तात साखर निघाली होती, गरोदरपणात होते तशी. इतर आया लेकींना पाटल्या देतात, मी ही साखर दिली, असं मी म्हणाले तेव्हा ती हसली. मग हसता हसता गप्प झाली आणि म्हणाली, "आई, तू ये ना. इथले डॉक्टर, नर्स सगळे चांगले आहेत गं. पण बोटाला सुई टोचली की मला घाबरायला होतं, आणि घाबरले हे सांगायला कोणी नाही. जावई तुझा माझ्याहून जास्त घाबरतो."

"येते," मी म्हटलं.

"कशी येणार?" हे मागून म्हणाले.

प्रश्न बरोबर होता. यांचं एक जुनं तत्त्व आहे, ज्या वाहनाखाली रूळ नाहीत त्यात ते बसत नाहीत. आमच्या लग्नापासून ते विमानात बसलेले नाहीत आणि बसणारही नाहीत. म्हणजे गेले तर मी एकटीच जाणार. आणि मी तर आता भाजीलाही एकटी जात नव्हते. लेकीच्या बाळंतपणाला तिची आई जाणार की नाही, हा आमच्या घरातला एकमेव प्रश्न होऊन बसला. चहा करताना तो असायचा, कपडे वाळत घालतानाही असायचा.

उत्तर लेकीनेच काढलं. तिने तिकडून आमच्या डॉक्टरांशी बोलून माझ्या दंडावर एक बटण बसवायला लावलं. मी बटण म्हणते, डॉक्टर सेन्सर म्हणतात. कोटाच्या मोठ्या बटणाएवढं, पांढरं. खाली केसासारखी बारीक तार असते, ती कातडीखाली राहते आणि साखर किती आहे ते दर थोड्या वेळाने फोनला कळवते. फोनवर आकडा दिसतो आणि आकड्याशेजारी बाण. बाण वर असला तर साखर चढते आहे, खाली असला तर उतरते आहे. दोन आठवड्यांनी बटण बदलायचं. बसवताना ठप्प असा आवाज झाला आणि मी ओरडायला तोंड उघडलं, तर डॉक्टर म्हणाले, "हो गया, माताजी।" दुखलंच नव्हतं. मी तोंड तसंच मिटून घेतलं.

इतकी वर्षं मला साखर कळायची ती पॅथॉलॉजीच्या कागदावर, नाहीतर बोट टोचून, म्हणजे मधूनमधून. आता ती रांगोळीच्या रेषेसारखी दिवसभर समोर उमटायला लागली आणि मला वेडच लागलं. मास्तरकीच्या सगळ्या वर्षांत मी मुलींना नद्यांचे चढ-उतार शिकवले, आणि माझ्या स्वतःच्या आत एक नदी वाहत होती ती मी आज पाहत होते. केवढे शोध लागले! पौष्टिक म्हणून खाल्लेलं केळं रेषेला गच्चीवर नेऊन ठेवायचं. 'बिनसाखरेची' म्हणून मुद्दाम आणलेली बिस्किटं शुद्ध लबाड निघाली. आणि थंडीतला मलइयो, म्हणजे दुधाचा गोड केशरी फेस, ज्याच्याकडे मी कितीतरी हिवाळे नुसतं बघून उसासे टाकले होते, तो एक कुल्हड खाल्ला तर रेषा जरा हलली आणि बसली. अर्ध्याहून जास्त हवाच असते त्यात! मी गल्लीत उभी राहून मोठ्याने हसले. मलइयोवाला घाबरला. शेजारची सून म्हणाली, "चाची, ई का लगउले हऊ?" मी पदर बाजूला करून तिला दंड दाखवला, जसा कुणी नवा बाजूबंद दाखवेल.

सगळ्यांत मोठा शोध म्हणजे चालणं. जेवून राजा घाटापासून दशाश्वमेधाकडे चालत निघालं की चढलेली रेषा आपोआप खाली यायची. हे माझ्याबरोबर चालायला लागले. दोघांनी जेवणानंतर घाटावर जाणं आमच्या लग्नात कधी झालं नव्हतं. यांना वामकुक्षी प्रिय. आता ते फोन हातात धरून माझ्यापुढे दोन पावलं चालायचे आणि मागे वळून सांगायचे, "डाउन चालली आहे, वेळेवर आहे."

होय, फोन यांच्याही हातात असायचा. त्या यंत्राची ती एक खोड आहे. माझी साखर माझ्या फोनवरून यांच्या फोनवर जायची आणि तिथून एडिंबऱ्यालाही. म्हणजे मी काशीत कचोरी खाल्ली की स्कॉटलंडमध्ये घंटी. लेक उंटावरून शेळ्या हाकायची. "आई, काय खाल्लंस?" "काही नाही गं, दोन घास पोहे." "आई, हे दोन घास नाहीत. जिलबी आहे." आणि जिलबीच असायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर चोराच्या दंडावरच चांदणं होतं. या प्रकाराने मला अपमान वाटायचा हे खरं आहे. साठी उलटलेल्या बाईच्या पोटात कोण डोकावतं? पण लेक दिवसातून इतक्यांदा फोन करायला लागली होती, की मला तो अपमान गोडही लागायचा.

यांनी अट घातली. "आधी रामनगर, मग स्कॉटलंड." म्हणजे आधी नदीपलीकडे एकटीने जाऊन दाखवायचं आणि महिनाभर साखर हाताबाहेर गेल्याची घंटी वाजू द्यायची नाही. मग तिकीट. मी दुसऱ्याच दिवशी नावेत बसले. किती महिन्यांनी एकटी! थंड वारा, पाण्यावर सीगल पक्षी, आणि बरोबर कोणी नाही. मी नावेत गाणं म्हणत होते. नावाड्याने विचारलं, "कौन तीरथ जा रही हैं?" मी म्हटलं, "रामनगर, लस्सी पीने।" आणि खरंच प्यायले, अर्धा कुल्हड, आधी हिशोबाने सुई टोचून. कुल्हड ठेवते न ठेवते तोच फोन वाजला. "लस्सी का?" हे म्हणाले. "हो," मी म्हटलं. मग म्हणाले, "रबडी घालून?" त्यांच्या आवाजात रागापेक्षा हेवा जास्त होता. येताना मी त्यांच्यासाठी एक बांधून आणली आणि रामनगरची परीक्षा पास झाले.

महिना संपत आला आणि एकादशीने घात केला. मी डॉक्टरांना आधीच सांगितलं होतं, "डॉक्टर साहब, एकादशी का व्रत है।" डॉक्टर इकडच्याच बलिया जिल्ह्याचे. त्यांच्या घरात व्रत म्हणजे आई दिवसभर पाण्यावर राहणार आणि संध्याकाळी फार तर एखादं फळ. साखर घसरायला नको म्हणून त्यांनी सांगितलं, "उस दिन इंजेक्शन आधा कर दीजिए।" मी आज्ञाधारकपणे निम्मं केलं. त्यांनी विचारलं नाही की व्रतात खाता काय, आणि मी सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे? सकाळी साबुदाण्याची खिचडी. दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. तोंडी लावायला बटाट्याची भाजी, वर रताळ्याचा गोड कीस. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आमच्याकडे पोरंसोरंही म्हणतात. ते डॉक्टरांना कोण सांगणार?

रेषा चढायला लागली ती थांबेचना. ती फोनच्या पडद्याच्या पार टोकाला गेली. यांचा फोन ओरडला, माझा ओरडला, आणि पाठोपाठ एडिंबऱ्याहून लेक ओरडली, "आई, आज तर उपास आहे ना?"

"आहे ना. म्हणून तर!"

मी डॉक्टरांना फोन लावला आणि खाल्लेलं एकेक सांगितलं. मग ते म्हणाले, "माताजी, ये व्रत है कि बारात?" पण त्यांनी लगेच किती औषध घ्यायचं, किती पाणी प्यायचं, कधी पुन्हा बघायचं ते नीट सांगितलं. मी तसं केलं. पाणी प्यायले, अंगणात फेऱ्या मारल्या, बाणाकडे बघत बसले. दुपार कलताना बाण आडवा झाला आणि मग हळूहळू खाली वळला.

हे मात्र जाग्यावरून हलले नव्हते. "तिकीट राहू दे," ते म्हणाले. "तिथे परक्या देशात असं काही झालं तर तो फोन काय करणार? नुसता वाजणार." मी इतकी चिडले, की मला शब्द सुचेनात, आणि हे फार क्वचित होतं. शेवटी म्हटलं, "अहो, आज वाजला तेव्हा कोणी काय केलं? तुम्ही खुर्चीत बसून घाबरलात. पोरगी तिकडे बसून घाबरली. डॉक्टरांना मी विचारलं, औषध मी घेतलं, फेऱ्या मी मारल्या. मला बघायला दोन देश लागतात, पण सांभाळते मी एकटीच." बोलून झाल्यावर मला रडू आलं, आणि यांच्यापुढे रडायला मला मुळीच आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी हे मला घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी स्वतःचे कान पकडले. "गलती हमारी थी। हमने अपने घर का व्रत समझा।" मग यांच्याकडे वळून म्हणाले, "बाबूजी, इनको जाने दीजिए। ये हमसे अच्छा सँभालती हैं।" घरी आल्यावर हे कपाटावरची मोठी सूटकेस खाली काढून फडक्याने पुसायला लागले. परवानगी मिळाली आहे हे मला त्यावरून कळलं.

निघायच्या दिवशी काशीच्या बाबतपूर विमानतळावर सुरक्षा तपासणीत शिपाईण बाईंनी माझा दंड चाचपून विचारलं, हे काय? मी सांगितलं. यंत्रातून न जाता हाताने तपासा, असंही सांगितलं, कारण या बटणाचा तिथल्या यंत्रांशी सलोखा नसतो म्हणे. त्यांनी मला आडोशाला नेलं, तपासलं, आणि मग हळूच विचारलं, "सुई से दर्द नहीं होता? हमारी अम्मा रोज उँगली छेदती हैं।" मागे रांग लागली होती तरी मी त्यांना बटणाची सगळी माहिती दिली. मास्तरीण शेवटी. इन्सुलिनची पेनं मी हातातल्या पिशवीतच ठेवली होती. विमानाच्या पोटातल्या सामानात ती गारठून वाया जाऊ शकतात, हे लेकीने इतक्यांदा सांगितलं होतं, की मला झोपेतही पाठ होतं.

दिल्लीहून आखातातल्या एका विमानतळावर उतरले. तो विमानतळ आहे की जिल्हा, कळेना. जेवून, सुई घेऊन, बॅग ओढत मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले. चालल्यावर साखर उतरते हे मला पाठ होतं, पण ते चालणं कचोरीगल्लीतलं थांबतथांबत चालणं नव्हतं. दुसऱ्या विमानात बसले, पट्टा लावला, विमान उडालं. फोन तर आधीच विमानातल्या नियमाप्रमाणे जगापासून तोडलेला. बटण मात्र माझ्या फोनशी बोलत होतं. आणि अचानक माझ्या लक्षात आलं, की आत्ता हा आकडा जगात फक्त मलाच दिसतो आहे. यांना नाही, लेकीला नाही. किती महिन्यांनी माझी साखर नुसती माझी होती! मला इतकं मोकळं वाटलं, की मी खिडकीला नाक लावून हसायला लागले.

हसता हसता बघते, तर बाण सरळ खाली. अजून हात थरथरत नव्हते, घाम नव्हता. शरीराच्या आधी बाणाला कळलं होतं. घाबरले, नाही म्हणत नाही. मणिकर्णिकेला निदान पेढेवाली बाई तरी होती. मी पर्समधून राजगिऱ्याचा लाडू काढला आणि सावकाश चावून खाल्ला. वर ग्लुकोजची पूड पाण्यात ढवळून प्यायले. मग बसून राहिले. फोनने साखरेची घंटी वाजवली, मी त्याला गप्प केलं. विमानातल्या मुलीने येऊन विचारलं, सगळं ठीक ना? मी म्हटलं, "फर्स्ट क्लास!" आणि बसले होते अगदी मागच्या रांगेत. थोड्या वेळाने बाण आडवा झाला, मग तिरका वर. मी दुसरा लाडू काढला होता तो परत डब्यात ठेवला. खाली कुठला तरी बर्फाने भरलेला डोंगरी प्रदेश जात होता. कॉकेशस असावा, असं मी मनाशी ठरवलं आणि नकाशा आठवत बसले.

एडिंबऱ्याला उतरून फोन पुन्हा जगाशी जोडला. आता हे सगळं यांच्या फोनवर एकदम ओतलं जाणार आणि तो खड्डा त्यांना दिसणार, हे मला ठाऊक होतं. मी भांडायच्या तयारीतच होते. फोन आलाच.

"पोचलीस?"

"पोचले."

"मध्ये एक उतार दिसतोय."

"होता."

"पुढे चढही दिसतोय." मग म्हणाले, "लाडू पुरले ना?"

एवढंच. मी तिथल्या सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून त्यांच्यावर नव्याने प्रेम केलं. सामान तीनदा समोरून निघून गेलं.

लेक दारात उभी होती, पोट एवढं पुढे आणि तोंड एवढंसं. पहिल्याच सकाळी तिने माझ्यासमोर बोट टोचलं आणि यंत्रावर बघून म्हणाली, "पाच पॉइंट चार." मी किंचाळले. "पाच? अगं, खाली बस! गूळ कुठे आहे?" ती हसून हसून खरंच खाली बसली. त्या देशात साखर वेगळ्या मापाने मोजतात. तिकडचा आकडा अठराने गुणला की आपला येतो, आणि फोनवर ती मला नेहमी गुणूनच सांगत होती. मग मी रोज सकाळी अठराचा पाढा म्हणत तिच्याजवळ बसायचे. ती बोटाच्या मध्यावर सुई मारत होती, जिथे सगळ्यांत जास्त दुखतं. तिला कोणी सांगितलंच असेल, पण घाबरलेल्या माणसाला ऐकू येत नाही. मी तिचा हात हातात घेतला, आधी चोळून गरम केला आणि बोटाच्या कडेला हलकेच टोचलं. "झालं?" तिने डोळे मिटून विचारलं. "झालं." पोळीआधी भाजी खायची, जेवून पंधरा मिनिटं चालायचं, भात गार करून थोडाच घ्यायचा, हे आम्ही दोघी एकत्र पाळायला लागलो. पावसात छत्री उडवणाऱ्या वाऱ्यात आम्ही दोघी चालायचो. एकीचं पोट, एकीचं बटण. तिकडची माणसं आम्हाला बघून मान हलवून हसायची, आम्हीही हसायचो.

नात दुपारी झाली. लालबुंद, संतापलेली, म्हणजे माझ्यावर गेलेली. आईला साखर असली की बाळाची साखर जन्मल्यावर तपासावी लागते, कधी कधी ती एकदम उतरते. पहिलं दूध पाजून झाल्यावर काही वेळाने नर्स आली आणि म्हणाली, टाचेतून थेंबभर रक्त घ्यायचं आहे, पाय कोण धरेल? लेक गळून गेली होती. जावयाने आधीच भिंतीकडे तोंड केलं होतं. मी पुढे झाले.

ती टाच माझ्या अंगठ्याएवढी होती. मी आयुष्यात किती बोटं टोचून घेतली असतील, माझी बोटांची टोकं खरखरीत झाली आहेत, पण त्या टाचेला सुई लागली तेव्हा माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नात एकदा रडली आणि गप्प झाली. मी गप्प झाले नाही. नर्सने यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाली, तीन पॉइंट एक. मी मनात गुणलं. छप्पन्न! छप्पन्नला मी दोन लाडू खाते. "शुगर! गिव्ह हर शुगर!" मी ओरडले. नर्सने माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्याशा बाळाला एवढी साखर अगदी छान असते, म्हणाली. तिला फक्त दूध हवं आहे, आणि ते तिच्या आईजवळ आहे. लेक पडल्या पडल्या हसायला लागली. टाके दुखत होते तरी हसत होती. "आई, तुझ्या ओरडण्याने तिकडे बनारस हललं असेल," ती म्हणाली.

बाळ प्यायलं. नर्सने कागद पुढे ओढून लेकीला नेहमीचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. घरी जिना आहे का, घर गरम असतं का, पहिले काही आठवडे घरी मदतीला कोण आहे? लेकीचे डोळे मिटत आले होते. इतका वेळ ती फडाफडा इंग्रजीत उत्तरं देत होती. या प्रश्नाला तिने डोळे उघडलेच नाहीत. "आई आहे," ती मराठीत म्हणाली, आणि झोपली.

नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "शी सेज, आय ॲम हियर." लेक बारीक घोरायला लागली होती, कितीतरी दिवसांनी अशी निवांत. मी बाळाला उचलून खांद्यावर घेतलं आणि ढेकर यावी म्हणून पाठीवर थापटत खोलीभर चालायला लागले.